स्कॉटिश शाळा आणि तिची वास्तू : विल्सन महाविद्यालयाच्या निमित्ताने

मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर उभ्या असलेल्या विल्सन महाविद्यालयाच्या इमारतीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तीन वाक्यांत आटोपते. इमारत १८८९ मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा मुंबई सरकारच्या सेवेतील अभियंता-वास्तुकार जॉन ॲडम्स याचा. आणि तिची शैली व्हिक्टोरियन गॉथिक, त्यातही निवासी घराच्या बेताची. यानंतर संस्थेतून शिकून गेलेल्या थोर पुरुषांची नामावळी येते. महामहोपाध्याय पां. वा. काणे, बाळासाहेब खेर, मोरारजी देसाई ही त्यांतली ठळक नावे होत. एवढे झाले की विषय मिटला असे मानले जाते.

या विधानांत तपशिलाची चूक नाही. चूक आहे ती त्यांमागे गृहीत धरलेल्या समजुतीत. स्कॉटिश मिशनने मराठी मुलखात जी शाळा चालविली तिची वास्तू म्हणजे ही दगडी इमारत, आणि त्या शाळेचा इतिहास या दगडांतून वाचता येतो, अशी ती समजूत आहे. वास्तविक जॉन विल्सन याने मुंबईत इंग्रजी शाळा काढली ती १८३२ मध्ये. ती अंब्रोलीची शाळा म्हणून ओळखली गेली. विल्सन १ डिसेंबर १८७५ रोजी निवर्तला. ज्या इमारतीला आज त्याचे नाव आहे ती त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी पुरी झाली. म्हणजे शाळेच्या स्थापनेपासून इमारतीपर्यंत सत्तावन्न वर्षांचे अंतर पडते. या सत्तावन्न वर्षांतच त्या शाळेच्या इतिहासातील सर्व मोठे प्रसंग घडून गेले होते.

बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये जी वारसा-नियमावली अमलात आली तिच्यात वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या आहेत. विल्सन महाविद्यालयाची इमारत तृतीय श्रेणीत मोडते. या श्रेणीचा मुख्य निकष नगरदृश्यातील महत्त्व हा आहे. वास्तू आपल्या परिसराला जे रूप देते त्यावरून तिचे मोल ठरते. चौपाटीवरून पाहणाऱ्याला या इमारतीचा दर्शनी भाग सुखद वाटतो यात शंका नाही, आणि त्या दृष्टीने श्रेणी योग्यच म्हणावी लागेल. परंतु नगरदृश्य हे रस्त्यावरून दिसते. शाळेचा इतिहास उंबरठ्याच्या आत घडतो. अभ्यासकाने रस्त्यावरच थांबावे असे कोणत्याही नियमावलीने सांगितलेले नाही.

‘स्कॉटिश’ या विशेषणाचाही एकदा नीट विचार व्हावयास हवा. माहीमची बॉम्बे स्कॉटिश शाळा १८४७ मधील स्कॉटिश अनाथ मुलींच्या आश्रमातून वाढली. तिची परंपरा निराळी असून येथे तिचा विचार कर्तव्य नाही. येथे प्रश्न आहे तो स्कॉटिश मिशनने या प्रदेशातील मुलांसाठी चालविलेल्या शाळांचा. त्यांत स्कॉटिश काय होते?

स्कॉटलंडमध्ये शाळा ही इमारत म्हणून जन्मली नाही. ती एक तरतूद म्हणून जन्मली. १५६० मध्ये जॉन नॉक्स व त्याच्या सहकाऱ्यांनी सुधारलेल्या धर्मपीठाची जी घडी घालून दिली, तीत प्रत्येक चर्चच्या हद्दीत एक शिक्षक असावा असे सांगितले होते. १६९६ च्या कायद्याने ही जबाबदारी त्या त्या हद्दीतील जमीनदारांवर टाकली. त्यांनी शाळेला जागा द्यावी आणि शिक्षकाला वेतन द्यावे. १८०३ मध्ये शिक्षकाच्या घराविषयी कायदा झाला. त्याने जमीनदारांना जे बंधन घातले ते स्वयंपाकघर धरून दोन खोल्यांपलीकडे जात नव्हते. ज्या राष्ट्राची शिक्षणाविषयीची ख्याती युरोपभर झाली होती, त्याने आपल्या शिक्षकाला कायद्याने देऊ केलेली वास्तू ती एवढीच! पुस्तक, शिक्षक आणि वाचावयास शिकणारी सर्व थरांतील मुले हे या परंपरेचे सार होते. छप्पर हा तिचा शेवटचा घटक. मुलाने शास्त्रग्रंथ स्वतः वाचला पाहिजे या धर्मनिष्ठेतून ही व्यवस्था उभी राहिली, आणि त्यामुळेच तिला वास्तूवाचून चालू शकले.

याचा अर्थ स्कॉटलंडमध्ये शाळांच्या भव्य इमारती नव्हत्या असा नाही. एडिंबरोच्या काल्टन टेकडीवरील रॉयल हायस्कूल हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. टॉमस हॅमिल्टन या वास्तुकाराने अथेन्समधील हेफायस्टसच्या मंदिराचा आदर्श पुढे ठेवून डोरिक स्तंभांची ही इमारत रचली आणि ती १८२९ मध्ये खुली झाली. एडिंबरोला ‘उत्तरेचे अथेन्स’ म्हणवून घेण्याची हौस होती. शाळेने मंदिराचे रूप घेणे त्या हौशीला धरूनच होते. नेमके त्याच वर्षी, फेब्रुवारी १८२९ मध्ये, एडिंबरो विद्यापीठात शिकलेला चोवीस वर्षांचा विल्सन पत्नी मार्गरेट हिच्यासह मुंबईत उतरला. योगायोग खराच, परंतु बोलका. राजधानीत विद्येला संगमरवरी स्वप्नाचे दगडी रूप मिळत असताना, लॉडरसारख्या सीमाभागातील गावातून आलेला हा तरुण ज्या शाळा काढावयास निघाला होता त्या पहिल्या परंपरेतल्या होत्या, दोन खोल्यांच्या.

कोकणात ही परंपरा त्याच्या आधीच पोचली होती. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे १८२३ पासून बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर काम करीत होती. विल्सन दांपत्यही प्रथम तेथे गेले, ते मराठी शिकण्यासाठी. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ याने उच्च शिक्षणासाठी इंग्रजीची कास धरली. विल्सनने देशी भाषांचा आग्रह सोडला नाही. मार्गरेटने मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८३५ मध्ये तिचा अकाली मृत्यू झाला, तोवरच्या सहा वर्षांत तिने उभारलेले काम मिशनच्या शिक्षणकार्याचा पाया ठरले. त्याच काळात जॉन स्टीव्हन्सन या दुसऱ्या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीचे व्याकरण लिहिले. या मंडळींच्या कामाची ‘वास्तू’ शोधावयास गेले तर हाती काय लागेल? भाड्याचे घर, एखादी ओसरी, मिशनरीच्या बिऱ्हाडातील खोली. वास्तुकलेच्या इतिहासात अशा जागांना स्थान नसते.

अंब्रोलीच्या शाळेचा खरा कस लागला तो १८३९ मध्ये. त्या वर्षी धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पारशी समाजात प्रचंड खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि पालकांनी मुले काढून घेतल्याने शाळेचे वर्ग ओस पडले. ही घटना धर्मांतराच्या इतिहासात वारंवार सांगितली गेली आहे. तिचा शाळेच्या दृष्टीने विचार मात्र झालेला नाही. इमारत शाबूत असताना शाळा रिकामी होऊ शकते, हे मुंबईने त्या वेळी प्रथम पाहिले. आत चाललेल्या गोष्टीविषयी पालकांच्या मनात जो विश्वास असतो तो गेला की भिंती निरुपयोगी ठरतात. पालकांचा राग अनाठायी होता असेही म्हणता येणार नाही. बायबलचा पाठ हा या शाळेचा गाभा होता आणि मिशनऱ्यांनी तो कधी लपविला नव्हता. पण मुलगा इंग्रजी शिकून परत येईल या हिशेबाने त्याला धाडणाऱ्या बापाला त्या पाठाची किंमत त्या दिवशी कळली.

पुढच्या चारच वर्षांत याहून मोठा आघात झाला, आणि तो दोन बाजूंनी झाला. १८४३ हे वर्ष मराठी वाचकांना शेषाद्री प्रकरणामुळे परिचित आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयास गेला होता. परंतु तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मिशनच्या घरी राहिलेल्या व तेथील अन्न घेतलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर महाराष्ट्रात जो वाद पेटला, त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीचा पक्ष घेऊन जी निंदा सोसली ती सर्वश्रुत आहे. या वादाचे धर्मशास्त्रीय अंग अनेकांनी तपासले आहे. त्याला एक वास्तुशास्त्रीय अंगही आहे. मुलगा शाळेत जात होता तोवर त्याची जात शाबूत होती; तो त्याच लोकांच्या घरात राहिला तेव्हा ती गेली. वर्गाची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये जो उंबरठा होता त्याच्यावर हा सारा प्रश्न उभा होता. कोणत्याही नकाशात तो उंबरठा वेगळ्या रंगाने दाखविलेला नसतो. पण त्या काळच्या मुंबईतील प्रत्येक पालकाला तो डोळे मिटून दाखविता आला असता.

दुसरा आघात स्कॉटलंडमधून आला. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत स्कॉटिश धर्मपीठात फूट पडली. धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की धर्मसंघाचा, या जुन्या वादाचा तो शेवट होता. चारशेहून अधिक धर्मोपदेशक आपली चर्चे, राहती घरे व उत्पन्न सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिंदुस्थानातील स्कॉटिश मिशनरीही त्यांना जाऊन मिळाले. विल्सन त्या वेळी मुंबईत नव्हता. इजिप्त व पॅलेस्टाइनमार्गे तो स्वदेशी चालला होता आणि धनजीभाई नवरोजी त्याच्यासोबत होता. मुंबईत रॉबर्ट नेस्बिट व जॉन मरे मिचेल हे होते. त्यांनी व विल्सननेही नव्या पंथाचा स्वीकार केला. परिणाम उघड होता. संस्थेची इमारत व तिच्यातील साधने प्रस्थापित धर्मपीठाच्या मालकीची ठरली. शिक्षक व त्यांचे विद्यार्थी बाहेर पडले.

स्कॉटिश शाळेच्या वास्तूचा इतिहास लिहावयाचा तर त्याचे मध्यवर्ती प्रकरण हे होय. एका बाजूला इमारत, दुसऱ्या बाजूला शाळा, आणि दोहोंची ताटातूट. जी मंडळी बाहेर पडली त्यांना आपण शाळा मागे ठेवून आलो असे क्षणभरही वाटले नाही. शाळा आपल्याबरोबर आली अशीच त्यांची धारणा होती, आणि पुढील इतिहासाने ती खरी ठरविली. आज विल्सन महाविद्यालय १८३२ हे आपले स्थापनावर्ष सांगते ते याच धारणेच्या आधारे. मागे उरलेल्या वास्तूवर हक्क सांगून ते सांगता आले नसते. हा मुद्दा मान्य केला की १८८९ च्या इमारतीकडे ‘मूळ वास्तू’ म्हणून पाहणे आपोआपच बंद पडते.

पुण्याचे उदाहरण तर याहून महत्त्वाचे आहे, आणि त्याची दखल वास्तूच्या अभ्यासकांनी जवळजवळ घेतलेलीच नाही. तेथील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात शिकले. शिक्षण मध्येच तुटलेल्या या मुलाला पुन्हा शाळेत घालावे म्हणून गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या शाळेत जोतीरावांना सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र मिळाले, आणि पुढे मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा चालविताना हीच मैत्री उपयोगी पडली. माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणाचा मुलगा एका वर्गात शेजारी बसतात, एकच पाठ घोकतात आणि सुटीत एकत्र घरी जातात, ही घटना १८४० च्या पुण्यात घडविण्याचे सामर्थ्य त्या शाळेत होते. हे सामर्थ्य कोणत्या कमानीत होते? उत्तर बसण्याच्या व्यवस्थेत शोधावे लागते. शाळेने ख्रिस्ती करावे म्हणून शिकविले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. तेथून त्यांनी जे उचलले ते निराळेच होते, आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून त्यांनी ते स्वतःच्या रीतीने वापरले.

भिडे वाड्याचा उल्लेख ओघाने आला तो सोडवत नाही. बुधवार पेठेतील त्या वाड्याला वास्तुशैली म्हणून काही सांगण्यासारखे नव्हते. त्याचे सारे महत्त्व तेथे काय घडले यात होते. दीर्घकाळ न्यायालयात राहिलेला हा वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. स्मारक व्हावे याविषयी दुमत नाही. पण शैली नसलेल्या इतिहासाला जागा द्यावयाची तर जुने बांधकाम पाडून नवे उभारावे लागते, आणि शैली असलेल्या इमारतीला मात्र तिच्यात काय घडले हे फारसे न विचारता संरक्षण मिळते, ही विसंगती अभ्यासकाच्या डोळ्यांतून सुटता कामा नये.

आता १८८९ च्या इमारतीकडे वळावयास हरकत नाही. तिच्यावर अन्याय करण्याचा येथे हेतू नाही. किंबहुना ‘मूळ वास्तू’ हे ओझे उतरविल्यावर ती अधिक चांगली दिसते. टोकदार कमानी, दगडी दर्शनी भाग, उतरती छपरे आणि त्यांच्या आढ्याखालच्या त्रिकोणी भिंती ही तिची अंगे कोणालाही ओळखता येतात. पण तिच्या वास्तुकाराने एक संयम पाळला आहे. ज्या काळात ती उभी राहिली त्या काळातील मुंबई मनोऱ्यांच्या आणि घुमटांच्या चढाओढीने झपाटलेली होती. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने आराखडा केलेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला होता. फ्रेडरिक स्टीव्हन्सचे व्हिक्टोरिया टर्मिनस नुकतेच उभे राहिले होते. एल्फिन्स्टन महाविद्यालय १८८८ मध्ये काळ्या घोड्याजवळ नव्या गॉथिक इमारतीत आले होते. पुण्यात डेक्कन महाविद्यालयाने वीस वर्षांपूर्वीच, १८६८ मध्ये, येरवड्याच्या माळावर तोच पोशाख चढविला होता. या सर्वांच्या तुलनेत चौपाटीवरील इमारत थोराड घरासारखी वाटते. तिला आकाश भेदावयाचे नाही. समुद्राकडे तोंड करून बसावयाचे आहे. ‘घरगुती गॉथिक’ हे विशेषण तिला लावले जाते तेव्हा हा गुणच अभिप्रेत असतो, फक्त तो कोणी उलगडून सांगत नाही.

मग हा पोशाख का निवडला गेला? सरळ उत्तर असे की तो पोशाख विद्यापीठाचा होता. १८५७ नंतर मुंबई इलाख्यातील महाविद्यालयाचे रूप परीक्षांनी ठरविले. १८३२ च्या शाळेला एक खोली आणि एक शिक्षक पुरत होता. १८८० नंतरच्या महाविद्यालयाला व्याख्यानाचे वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय लागू लागले. सेंट झेवियर्ससारखी प्रतिस्पर्धी संस्था १८६९ पासून शेजारीच होती. विल्सन स्वतः १८६८ ते १८७० या काळात विद्यापीठाचा कुलगुरू होता, आणि त्याच्यानंतर महाविद्यालयाची धुरा वाहणारा प्राचार्य डुगाल्ड मॅकिकन हाही पुढे त्या पदावर आला. मिशन विद्यापीठात इतके मिसळून गेले होते, की त्याच्या इमारतीने विद्यापीठाची भाषा बोलावी हे स्वाभाविक होते. या दृष्टीने चौपाटीवरील इमारत म्हणजे संलग्नतेची वास्तू होय. अंब्रोलीच्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा काय होऊन बाहेर पडेल याची शाश्वती नव्हती, आणि त्यातच तिचा धोका व तिचे तेज होते. या इमारतीतून बाहेर पडणारा विद्यार्थी पदवीधर होऊन बाहेर पडणार हे ठरलेले होते.

परंतु या उत्तराला एक अडचण आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गॉथिक ही शैली फ्री चर्चला परकी नव्हती. फुटीनंतर फ्री चर्चने एडिंबरोत धर्मशिक्षणासाठी ‘न्यू कॉलेज’ काढले. त्याची इमारत विल्यम प्लेफेअर याने १८४६ ते १८५० या काळात ट्यूडर-गॉथिक धाटणीने बांधली. हा प्लेफेअर एरवी ग्रीक शैलीचा उपासक होता; त्याच्या ग्रीक स्तंभांच्या दोन इमारती न्यू कॉलेजच्या पायथ्याशीच आहेत. ग्रीक मंदिरात शाळा भरविणाऱ्या त्याच शहरात, इमारती गमावून बाहेर पडलेल्या पंथाने आपल्या पहिल्या मोठ्या वास्तूसाठी मध्ययुगीन शिखरांचा आधार घेतला. ज्यांनी मूर्ती, रंगीत काचा आणि वेदीचा थाट यांचा धर्मसुधारणेच्या काळात त्याग केला त्यांच्या वारसांनी हे करावे यात विरोध दिसतो खरा. पण हक्क गमावलेला माणूस घर बांधतो तेव्हा ते जुने वाटावे अशीच त्याची धडपड असते. जुने धर्मपीठ तुम्ही नव्हे, आम्ही, असे दगडाने म्हणवून घेण्याची ती रीत होती.

तेव्हा चौपाटीवरील गॉथिकचा उगम केवळ मुंबईच्या सरकारी बांधकामात शोधणे अपुरे ठरेल. १८४३ मध्ये ज्यांच्या हातून इमारत गेली त्यांची पुढची पिढी सेहेचाळीस वर्षांनी समुद्राकाठी ठसठशीत दगडी घर बांधते, तेव्हा त्या घराला गमावण्याची आठवण चिकटलेली असणारच. मात्र ही आठवण आराखड्यात ॲडम्सने घातली असे म्हणणे धाडसाचे होईल. तो सरकारी नोकरीतला मनुष्य. न्यायालयाच्या इमारतीही त्याच सफाईने बांधणारा. गिल्बर्ट स्कॉटने हिंदुस्थानात पाऊल न टाकता मुंबईच्या विद्यापीठाचे आराखडे पाठविले आणि त्याच सुमारास ग्लासगोच्या विद्यापीठालाही गॉथिक रूप दिले, ही वस्तुस्थिती पाहता शैलीवरून ‘स्कॉटिश’पण ठरविण्याचा प्रयत्न कुठवर नेता येईल याला मर्यादा आहेत. मुंबईतील स्कॉटिश लोकांनी १८१९ मध्ये कोटात बांधलेले सेंट अँड्र्यूज चर्च स्तंभ व शिखर असलेल्या अभिजात धाटणीचे आहे. सत्तर वर्षांच्या अंतराने त्याच लोकांनी दोन विरुद्ध शैली वापरल्या. शैली काळाची होती. लोक तेच होते.

मुंबईच्या गॉथिक इमारतींची स्तुती करताना एक गोष्ट न चुकता सांगितली जाते. युरोपीय कमानींना येथील हवामानासाठी व्हरांड्याची जोड मिळाली आणि त्यामुळे ही शैली देशी झाली, अशी ती गोष्ट. ऊन आणि पाऊस अडविण्यासाठी व्हरांडा उपयोगी पडतो हे खरेच आहे. पण शाळेच्या इमारतीतील ओसरीचा या देशातील एक उपयोग ऊनपावसाशी संबंधित नव्हता. अस्पृश्य मुलांना वर्गात न घेता ओसरीवर बसवून शिकविण्याची चाल एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून होती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा इमारतीत जागा नव्हती असे कोणी म्हटले नाही. १९०० मध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसावे लागे. त्या गोणपाटाचे क्षेत्रफळ कोणत्याही आराखड्यात नोंदलेले नाही. म्हणून शाळेच्या वास्तूचे परीक्षण करणाऱ्याने व्हरांड्याची रुंदी मोजावी, कमानींची संख्या मोजावी, आणि त्या व्हरांड्यात कोण उभे होते व आत कोण बसले होते हेही विचारावे. हा प्रश्न वास्तुकलेच्या बाहेरचा आहे असे मानणाऱ्यांनी, देवळाच्या गाभाऱ्याचे वर्णन करताना तेथे कोणाला प्रवेश होता हे आपण का सांगतो, याचा विचार करावा.

या कसोटीला लावले असता स्कॉटिश मिशनच्या शाळांची बाजू इतर पुष्कळ शाळांपेक्षा उजवी ठरते. त्यांच्या दारात जात विचारली जात नव्हती. धर्म मात्र शिकविला जात होता, आणि दाराच्या या मोकळेपणामागे तो हेतू उघड होता. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसविली. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. हे दोघेही याच शाळांनी घडविलेले, आणि जोतीरावही. एका दारातून आत गेलेली माणसे तीन दिशांनी बाहेर पडली. मिशनच्या अहवालांनी पहिल्या दोघांना आपले फलित म्हणून मिरविले असते. मराठी समाजाने तिसऱ्याला आपला म्हटले. इमारतीच्या दर्शनी भागावरून या तिन्ही वाटांचा अंदाज येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही.

सोलापूरच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटू नये. या शहरात मिशनकार्य झाले ते स्कॉटिश लोकांचे नव्हे, अमेरिकन मराठी मिशनचे. परंतु वास्तू व संस्था यांच्या नात्याचा प्रश्न येथेही तोच आहे. सोलापुरात येणारा पाहुणा अप्पासाहेब वारद यांच्या इंद्रभुवनापुढे थांबतो, आणि थांबावे अशीच ती इमारत आहे. महानगरपालिकेने तेथे संसार थाटल्यामुळे तिचे वर्णन व छायाचित्रे विपुल मिळतात. याच शहरात ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने अस्पृश्य वर्गातील माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. सभेची स्थापना आदल्याच वर्षी, जुलै १९२४ मध्ये, मुंबईत झाली होती. डॉ. आंबेडकरांच्या सार्वजनिक कार्यातील हे पहिल्या काही विधायक पावलांपैकी एक होय. मुलांनी हायस्कुलात जावे तर आधी त्यांना शहरात राहावयास व जेवावयास जागा हवी, हा त्यामागचा साधा हिशेब होता. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्रीच्या बाबतीत जो उंबरठा धर्मभ्रष्टतेचा ठरला होता, तोच, राहण्याचा आणि जेवण्याचा, येथे शिक्षणाचा पहिला अडसर म्हणून ओळखला गेला आणि ओलांडला गेला.

शहराच्या वास्तूंचे जे वर्णनात्मक अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थी हाती घेतात त्यांत इंद्रभुवन, भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचे मंदिर ही नावे ठरलेली असतात. १९२५ च्या वसतिगृहाचा समावेश अशा अभ्यासात करावयाचा तर कमानी आणि खांब यांची परिभाषा पुरणार नाही. किती मुले कोणत्या गावांहून आली, ती कोणत्या शाळेत जात, स्वयंपाक कोण करी, पाणी कोठून भरले जाई, आणि शेजाऱ्यांनी ते भरू दिले काय, या प्रश्नांपासून त्या वास्तूच्या आराखड्याला सुरुवात करावी लागेल.